टाकी कुठे बसते, त्यावर सगळं

आजचा अख्खा दिवस एरोबॅटिक (हवेत कसरती करणाऱ्या) मॉडेल विमानावर ४६ साइझचं (७.५ सीसी) ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या ग्लो प्लगवर चालणारं) बसवण्यात गेला. माउंट (इंजिन धरणारा आधार) तासाभरात होतो, वेळ खाते ती इंधनाची टाकी. तिची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या जेटच्या (इंधन आत येतं त्या छिद्राच्या) पातळीत हवी, फार तर ५-६ मिमी खाली. वर बसली तर सरळ उडताना मिश्रण रिच (इंधन जास्त) आणि विमान उलटं केलं की लीन (इंधन कमी). इंजिन तापतं आणि हवेतच बंद पडतं.

टाकीतला क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) मागच्या भिंतीपासून ५ मिमी सुटा हवा. टाकी उभी धरून हलवा, टकटक ऐकू आलीच पाहिजे. भोवती मऊ फोम घालाच, नाहीतर कंपनांनी इंधनाला फेस येतो. फायरवॉलवर (इंजिन बसतं त्या लाकडी भिंतीवर) पातळ इपॉक्सीचा हात द्या. एकदा तेल लाकडात मुरलं की पुढे गोंद धरत नाही.

११×६ प्रॉप (पंखा, व्यास ११ इंच, पिच ६ इंच), उजवीकडे २ अंश थ्रस्ट (म्हणजे इंजिनाचं तोंड तेवढं उजवीकडे वळवलेलं).

नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फुल थ्रॉटलला पीकवर (सर्वांत जास्त वेगावर) आणून दोन-तीन क्लिक उघडायची. मग विमान घट्ट पकडून नाक आभाळाकडे, दहा सेकंद. आवाज किंचित चढला तर छान. घसरला तर लीन आहे, अजून दोन क्लिक उघडा.