तुम्ही विचारलंत म्हणून : तुमचा देव एक की तीन?

ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न चुकत नाही. ऑफिसात डबा खाताना सहकारी सहज विचारतात, "तुमचंही आमच्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच ना?" मुसलमान मित्र जिव्हाळ्याने, पण ठामपणे सांगतो की अल्लाहला भागीदार नसतो, येशू पैगंबर होते, तुम्ही त्यांना उगाच देव केलंत. येशूला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' पंथाचे लोक दारावर येतात आणि बायबल उघडून म्हणतात, "यात त्रैक्य (एका देवात तिघं) हा शब्द दाखवा." आणि हल्ली मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, कॉलेजात जाणारी मुलंसुद्धा उपासना सुटल्यावर बाजूला घेऊन विचारतात की हे सगळं रोमी बादशहा कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात घुसडलं, हे खरं का?

शब्द बायबलमध्ये नाही, हे आधीच मान्य करतो. लॅटिनमध्ये तो रुळवला उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने, साधारण इसवी सन २०० च्या सुमारास. आमचं म्हणणं एवढंच आहे: देव एकच, पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे, आणि तरीही पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. हे म्हणणं पवित्र शास्त्रातून निघतं की बाहेरून आणून त्यावर लादलंय, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ते शास्त्रातूनच निघतं. किंबहुना शास्त्र प्रामाणिकपणे वाचलं तर दुसरीकडे जायला वाट राहत नाही.

सुरुवात एकेश्वरवादापासूनच करायला हवी, कारण त्याबाबतीत मी माझ्या मुसलमान मित्राच्याच बाजूचा आहे. "हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे." हे बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन, ६:४. धर्मनिष्ठ यहुदी हे वचन सकाळ-संध्याकाळ म्हणतो. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर येशूनेही आधी हेच म्हटलं (मार्क १२:२९). पहिले ख्रिस्ती याच परंपरेतले यहुदी होते. माणसापुढे गुडघा टेकणं त्यांना विटाळासारखं वाटायचं. कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी पाया पडला तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला उठवलं, "उभा राहा, मीही माणूसच आहे." लुस्त्र शहरात लोक पौल आणि बर्णबा या प्रचारकांना देव समजून त्यांच्यापुढे बैल कापायला निघाले, तर त्या दोघांनी अंगावरचे कपडे फाडले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तर देवदूतसुद्धा योहानाला अडवतो: असं करू नकोस, देवाला नमन कर.

आता हे डोक्यात ठेवून येशूचा शिष्य थोमा याच्याकडे पाहा. पुनरुत्थानानंतर आठ दिवसांनी तो येशूला तोंडावर म्हणतो, "माझ्या प्रभू, माझ्या देवा!" (योहान २०:२८). पेत्राने नाकारलं, पौलाने नाकारलं, देवदूताने नाकारलं. येशूने नाकारलं नाही. उलट, पाहिल्यावर विश्वास ठेवलास, न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असं म्हणाला. येशू फक्त पैगंबर असता, तर हे ऐकून तो गप्प राहिला असता का? देवाचा कोणताही खरा संदेष्टा असं बोलणं क्षणभरही खपवून घेणार नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचं मरण. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ७. यरुशलेमची न्यायसभा भरली आहे, दातओठ खाणारे लोक समोर आहेत. या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की स्तेफन पवित्र आत्म्याने परिपूर्ण होता, त्याने आकाशाकडे निरखून पाहिलं, आणि त्याला देवाचं तेज व देवाच्या उजवीकडे उभा असलेला येशू दिसला. आत्मा, देव, येशू: तिघंही एकाच वाक्यात, आणि इथे लूक कोणाला सिद्धांत शिकवत बसलेला नाही, एका माणसाचा खून कसा झाला ते सांगतोय. मग लोक कान झाकतात, त्याला शहराबाहेर ओढून नेतात, दगड मारायला लागतात. आणि स्तेफन प्रार्थना करतो, "हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर." मग गुडघे टेकून मोठ्याने ओरडतो, हे पाप यांच्या माथी मारू नकोस.

याच लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे त्याच्या शुभवर्तमानात, वधस्तंभावरचे येशूचे शेवटचे शब्द काय आहेत? "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो." येशूने मरताना जे पित्याकडे मागितलं, ते स्तेफन मरताना येशूकडे मागतोय. यहुदी माणूस शेवटच्या श्वासाला आपला जीव कोणाच्या हाती देईल? ज्याच्या हाती तो द्यायचा त्याला तो काय मानत असेल? तोवर ना कुठली धर्मपरिषद झाली होती, ना कुठला बादशहा ख्रिस्ती झाला होता. येशूच्या मरणाला फार तर चार-पाच वर्षं झाली असतील.

दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं काढून एका तरुणाच्या पायाशी ठेवली होती. त्याचं नाव शौल. त्याने ती प्रार्थना स्वतःच्या कानांनी ऐकली असणार, आणि त्याला ती घोर निंदाच वाटली असणार. पुढे हाच पौल झाला आणि साधारण ६० साली तुरुंगातून त्याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं: येशूच्या नावाने स्वर्गात, पृथ्वीवर व पृथ्वीखाली प्रत्येक गुडघा टेकला जावा आणि प्रत्येक जिभेने कबूल करावं की येशू ख्रिस्त हा प्रभू आहे, देवपित्याच्या गौरवासाठी (२:१०-११).

हे शब्द पौलाच्या मनातून आलेले नाहीत. ते यशया ४५:२३ मधले आहेत. जुन्या करारात एकेश्वरवाद इतका कडक दुसरीकडे क्वचितच सापडेल. तिथे परमेश्वर पुन्हा पुन्हा म्हणतो, मीच देव आहे, माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. आणि शपथ वाहून सांगतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. पौलाला हे वचन नीट ठाऊक होतं. रोमकरांस पत्रात (१४:११) देवाच्या न्यायासनाबद्दल बोलताना त्याने तेच दिलंय. परमेश्वराने "फक्त मला" म्हणून राखून ठेवलेला मान बिन्यामिनाच्या वंशातला हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, येशूला देतो, आणि वर म्हणतो की त्याने पित्याचंच गौरव होतं. इथे एकतर पौल सरळसरळ मूर्तिपूजक झाला असं म्हणा, नाहीतर येशू त्या एकाच देवाच्या अस्तित्वात सामील आहे असं तो मानत होता हे मान्य करा. "थोर माणूस" किंवा "पहिला देवदूत" हा तिसरा पर्याय यशयाच त्याला ठेवू देत नाही.

म्हणून कॉन्स्टंटाइनची गोष्ट मला पटत नाही. ३२५ साली निकीयाला परिषद भरली ती अलेक्झांड्रियाचा पाळक अरियस याच्यामुळे. पुत्र हा निर्माण केलेला आहे, पुत्र नव्हता असा एक काळ होता, असं अरियस शिकवत होता; परिषदेने ते नाकारलं. निकीया आजच्या तुर्कस्तानात, तेव्हाच्या बिथुनिया प्रांतात होतं. याच प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने दोनशेहून अधिक वर्षं आधी, ११२ च्या सुमारास, त्राजान बादशहाला कळवलं होतं की इथले ख्रिस्ती ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. हा शत्रुपक्षाचा अहवाल आहे. आणि कॉन्स्टंटाइनला मरणाच्या वेळी बाप्तिस्मा दिला तो अरियसच्या बाजूने झुकलेल्या निकोमेदियाचा बिशप युसेबियस याने. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघडच निकीयाविरोधी होता. निकीयाचा कैवार घेणाऱ्या अथनासियस या अलेक्झांड्रियाच्या बिशपला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. बादशहांची मर्जी सांभाळायची असती, तर त्रैक्याचा सिद्धांत तेव्हाच सोडून देणं सोयीचं होतं.

पवित्र आत्म्याबद्दल लोक कमी विचारतात, आणि विचारतात तेव्हा "ती फक्त देवाची शक्ती ना?" असं. शक्तीला वाईट वाटत नाही. पौल म्हणतो, पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. शक्ती "मी" म्हणत नाही. अंत्युखियाच्या मंडळीत आत्मा म्हणतो, बर्णबा आणि शौल यांना माझ्यासाठी वेगळे करून ठेवा. हनन्या नावाच्या माणसाने मंडळीला दिलेल्या जमिनीच्या पैशाबद्दल खोटं सांगितलं तेव्हा पेत्र आधी म्हणाला, तू पवित्र आत्म्याशी लबाडी केलीस. आणि पुढच्याच दमात, तू माणसांशी नाही, देवाशी लबाडी केलीस.

ऑफिसातल्या मित्रांना उत्तर थोडक्यात देतो. त्रिमूर्तीत कामं वाटलेली असतात: उत्पत्ती, स्थिती, लय. बायबलमध्ये तशी वाटणी नाही. पिता उत्पन्न करतो, पुत्राच्या द्वारे सर्व काही झालं (योहान १:३), आणि "देवाच्या आत्म्याने मला उत्पन्न केले" असं ईयोबच्या पुस्तकात अलीहू म्हणतो. एकच काम, तिघांचं. संडे स्कूलमध्ये पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण अजून चालतं, ते मी वापरत नाही. त्यातून एकच देव तीन सोंगं घेतो असा अर्थ निघतो, आणि अशाच शिकवणीसाठी सबेल्लियस नावाच्या शिक्षकाला तिसऱ्या शतकात रोमच्या मंडळीने बाहेर काढलं होतं. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आणि आकाशातून पिता बोलतो, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे." तिघं एकाच वेळी तिथे आहेत.

राहिली अवघड वचनं. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" (योहान १४:२८). "तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही" (मार्क १३:३२). ही वचनं आमच्याच बायबलमध्ये आहेत आणि आम्ही ती उपासनेत मोठ्याने वाचतो. त्यांचं उत्तर पुन्हा फिलिप्पै २ मध्येच आहे: जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. दास झालेला पुत्र पित्याला थोर म्हणतो यात मला विरोध दिसत नाही. आणि जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ माझं जे गौरव होतं ते मला दे, असंही तोच मागतो (योहान १७:५). उलट त्रैक्याच्या बाजूचं वाटणारं एक वचन मी कधीच पुढे करत नाही: १ योहान ५:७ मधला स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचा भाग. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तो नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या एरास्मस या विद्वानाने १५१६ च्या आवृत्तीत तो घेतला नव्हता, दबाव आल्यावर १५२२ मध्ये घेतला. त्रैक्याला त्या टेकूची गरज नाही.

हे सगळं मला पूर्ण समजलंय का, असंही विचारतात. नाही. एक देव तीन व्यक्तींमध्ये कसा असतो, हे मी समजावू शकत नाही, आणि ज्याने मला घडवलं त्याचं आतलं जीवन माझ्या डोक्यात मावावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण प्रार्थना करताना मी गोंधळत नाही. पित्याशी बोलतो, येशूच्या नावाने बोलतो, आणि शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा माझ्यासाठी मध्यस्थी करतो असं रोमकरांस पत्र ८:२६ सांगतं, त्यावर विसंबतो.

ज्यांना स्वतः वाचून ठरवायचंय त्यांनी यशया ४५ आधी वाचावा, मग प्रेषितांची कृत्ये ७ शेवटपर्यंत, आणि मग फिलिप्पै २. एका बैठकीत होतं. वाचून झाल्यावर पटलं नाही तर जरूर सांगा; मी परत बसायला तयार आहे.