उजवा कोपरा

गेली वीस वर्षं मी भांग उजवीकडे पाडत होतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने कात्री थांबवून विचारलं, "साहेब, भांग बदलायचा का? उजवीकडनं जरा आत गेलंय." तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. घरी येऊन आरशासमोर केस मागे घेतले. डावा कोपरा जसा असायचा तसाच वाटत होता. उजवीकडे मात्र कपाळ खाडीसारखं आत शिरलेलं.

दोन्हीकडून सारखे गेले असते तर कदाचित मी 'वडिलांवर गेलोय' म्हणून गप्प बसलो असतो. पण एकाच बाजूने म्हणजे काहीतरी वेगळंच कारण असणार, असं मी धरून चाललो आणि पुढचं वर्ष त्या कारणाच्या शोधात घालवलं. मी उजव्या कुशीवर झोपतो, म्हणून कूस बदलली. हेल्मेट उजवीकडे घासतं असं वाटलं, म्हणून आतून सुती रुमाल बांधायला लागलो. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, तर दोष टँकरच्या पाण्याला. (ते पाणी फक्त उजव्या बाजूलाच कसं बाधेल, हा प्रश्न मला पडला नाही.) आईने माका-जास्वंदीचं तेल उकळून दिलं आणि वर ठणकावलं, "आमच्या माहेरी एकालाही टक्कल नाही." महिनाभर कांद्याचा रसही लावला. केस आले नाहीत, पण ऑफिसात शेजारच्याने खुर्ची बदलून घेतली.

मग एका हेअर क्लिनिकमध्ये गेलो. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी 'काउन्सेलर' भेटला. त्याने डोक्यावर कॅमेरा फिरवला आणि पडद्यावर माझी टाळू चंद्राच्या पृष्ठभागासारखी दाखवली. नंतर पासष्ट हजारांचं पॅकेज समोर ठेवलं: पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग डोक्याच्या त्वचेत टोचायचा) आठ बैठका, शाम्पू, गोळ्या. सवलत म्हणे आजच्यापुरतीच. मला नेमकं झालंय काय, हे मात्र कोणी सांगेना. पाणी प्यायला बाहेर जातो म्हणून उठलो आणि थेट गाडीला किक मारली.

शेवटी ओळखीतून एका चर्मरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी प्रश्नच प्रश्न विचारले. गेल्या सहा महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप? (अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, पण सगळ्या डोक्यावरचे, कोपरा धरून नाही.) केस घट्ट बांधता का? त्यानेही कडेचे केस ओढले जाऊन जातात. दाढीत, भुवईत कुठे गुळगुळीत चकती पडली आहे का? हा प्रश्न चाईसाठी होता. एकाच बाजूला अचानक केस गेले तर आधी ती नाही ना, याची खात्री करावी लागते. मग त्वचेवर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, टेकवला. चाईत मुळाशी निमुळते होत गेलेले, उद्गारचिन्हासारखे तुटके केस दिसतात. माझ्यात ते नव्हते. जाड केसांत मिसळलेले बारीक, लव झालेले केस होते. आणि ते दोन्ही कोपऱ्यांत होते! उजवीकडे जास्त, डावीकडे कमी, एवढाच फरक.

"हे पुरुषी पद्धतीचं टक्कल," त्या म्हणाल्या. "डीएचटी नावाचं हार्मोन आहे. ज्यांच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही, त्यांची मुळं हळूहळू आक्रसतात. प्रत्येक मुळाची सोसण्याची ताकद वेगळी, त्यामुळे दोन्ही कोपरे पावलाला पाऊल लावून मागे सरकत नाहीत." शिवाय टकलाच्या मोजपट्टीवर मी तिसऱ्या पायरीला आहे असं सांगितलं. ही मोजपट्टी हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये मांडली आणि नॉर्वुड यांनी 1975 मध्ये सुधारली. आईच्या माहेराचा मुद्दाही मी काढला. आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्राचा यात मोठा हात असतो हे खरं, पण वडिलांकडूनही बरंच येतं. हे घरी सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला.

मग त्यांनी जुने फोटो मागितले. मी मोबाइलमधले सेल्फी दाखवले, तर एका फोटोत उजवा कोपरा गेलेला आणि दुसऱ्यात डावा! पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये आरशासारखी उलटी प्रतिमा साठवतो, काहींमध्ये सुलटी. दोन फोनमधले फोटो शेजारी ठेवून मी वर्षभर स्वतःला घाबरवत होतो. घरी जाऊन कॉलेजचं ओळखपत्र काढलं. अठराव्या वर्षीही उजवा कोपरा किंचित वरच होता.

उपचार साधे निघाले, पण चिकाटीचे. 5 टक्के मिनॉक्सिडिल, रोज दोनदा 1 मिली. म्हणजे 60 मिलीची बाटली बरोबर महिनाभर जाते. हे मुळात रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून ते डोक्याकडे वळलं आणि अमेरिकेत 1988 मध्ये टकलासाठी मान्य झालं. दुसरं, फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅमची गोळी, जी डीएचटी कमी करते. तिच्याबद्दल डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून सांगितलं. शंभरात दोन-चार जणांना लैंगिक इच्छा कमी होणं वगैरे त्रास होतो, मन उदास वाटलं तर लगेच कळवायचं, आणि गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. आम्ही आठवडाभर विचार करून सुरू केली. मला त्रास झाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात केस जास्तच गळायला लागले. दुष्काळात तेरावा महिना! डॉक्टरांनी याची आधीच कल्पना दिली होती (जुने केस झडून नवे यायची ही तयारी असते), तरी न्हाणीघराच्या जाळीवरचा गुंता पाहून पोटात गोळा यायचाच. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच मागच्या कॅमेऱ्याने फोटो. चार महिने काही नाही. सातव्या महिन्यात डावीकडे भुरी लव दिसली. वर्षभराने डावा कोपरा बराच भरला. उजवा होता तिथेच थांबला, मागे मात्र सरकला नाही. कपाळाच्या कोपऱ्यांना औषध टाळूइतकं लागू पडत नाही, हे नंतर कळलं. केस रोवून घेऊ का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, अजून गळती कुठवर जाईल ते कळू दे. मागच्या बाजूचे केस मोजकेच असतात, आज पुढे खर्चले तर उद्या मध्ये लावायला काय उरणार?

एक गोष्ट मात्र मला कोणीच सांगितली नव्हती. आमच्याकडे चिंगी नावाची मांजर आहे आणि ती माझ्या उशीवर झोपते. तिला लस द्यायला नेलं तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांना माझ्या केसांचा वास आला आणि त्यांनी बाटलीचं नाव विचारलं. मिनॉक्सिडिल मांजरांना थोडंसं चाटलं तरी जीवघेणं ठरू शकतं. तेव्हापासून औषध लावलं की हात साबणाने धुवायचे, अभ्रा रोज बदलायचा आणि झोपायच्या खोलीचं दार बंद.

भांग आता डावीकडे पडतो. सलूनवाला मागच्या खेपेला म्हणाला, "साहेब, आता डावीकडनं जरा आत दिसतंय." मी म्हटलं, तू काप. रात्री अकराला दाराबाहेर चिंगीचं खरवडणं सुरू होतं, तेव्हा मी आतून औषध वाळायची वाट बघत बसलेला असतो.