तितर चालन कुठून?

वाशीम जिल्ह्यातल्या एका माळरानावर आम्ही ३ वर्षं चराई बंद ठेवली होती. गवत कमरेला लागलं. आता तितरं वाढणारच, अशी माझी खात्री. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच गणनेला गेले. दोन तासांत कपडे कुसळांनी भरले, पण राखलेल्या कुरणातून एकही तितर उठलं नाही. 'कतीतर-कतीतर' अशी साद येत होती ती पलीकडून, गुरं चरतात त्या बाजूनं.

सोबत बेड्यावरचे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचे, एक फासेपारधी बाबा होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, त्यांनी फासे सोडले. नजर मात्र तीच राहिली. ते गवतात उकिडवे बसले, मलाही बसवलं. "आता पाहा ताई, तितर चालन कुठून?"

जुनं गवत आडवं पडून त्याची गादी झाली होती. बोट शिरेना. तितर पायांवर जगणारं पाखरू, अगदीच नाइलाज झाला तर उडतं. त्याच्या पिल्लांना हे गवत म्हणजे भिंतच.

मग त्यांनी मला बांधापलीकडे नेलं. तिथं गवताचे ठोंब सुटे, मधे उघडी माती, वर पाती एकमेकांवर टेकलेली. शिक्र्याला वरून दिसणार नाही आणि खालून पळता येईल. दोन ठोंबांमधल्या वीतभर फटीत बाबांनी बोटं टेकवली. फास लावायचे ते अशाच जागी. जवळची वाळलेली रानशेणी त्यांनी उलटली. खाली वाळवी वळवळत होती, भोवती माती उकरलेली. "गुरं नाईत तं शेण नाई. मंग पिल्लं खातीन काय?" थोडं पुढं एक बुटकी बाभूळ होती. तिच्याखाली विष्ठा साचलेली, म्हणजे रात्रीचा मुक्काम तिथं. सगळं एका हाकेच्या अंतरात.

सगळंच माळ गुरांना मोकळं करा, असं मात्र बाबा म्हणाले नाहीत. ठिपक्यांचं रंगीत तितर ही वेगळी जात, तिला उंच गवत लागतं, पावसाळ्यात ते तिथूनच ओरडतं.

गुराख्यांना परत पाठवताना मी स्वतः बांधावर उभी राहिले होते. ते आठवून मला फार वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात आम्ही पट्ट्यापट्ट्यानं गवत कापलं. कुठला पट्टा कापायचा, कुठला ठेवायचा, हे बाबांनी काठीनं आखून दिलं.