ओवीचा आहार आणि आधारचा जुना नंबर

परवा अंगणवाडीत ताईंनी माझ्या लेकीच्या, ओवीच्या, डाव्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, "बघ, हिरव्यात आली." 12.8 सेंटिमीटर. सप्टेंबरात ती अकरा महिन्यांची असताना हीच पट्टी पिवळ्या पट्ट्यात थांबली होती, 12.2 वर. 12.5 च्या खाली पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण; 11.5 च्या खाली लाल, म्हणजे तीव्र. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले होते. पोर खेळत होती, हसत होती, त्यामुळे घरात कुणालाच काही वाटलं नव्हतं.

आम्ही पुण्यात धायरीत भाड्याने राहतो. बाळंतपण माहेरी झालं, म्हणून नाव तिकडच्या अंगणवाडीत होतं. ते पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवरून इकडे घेणं ताईंनी आठवडाभरात केलं, त्यात काही त्रास झाला नाही. 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं या हिशेबाने. तीन वर्षांपुढे अंगणवाडीतच गरम जेवण. पाकिटं आली होती, ताईंच्या कपाटात दिसत होती. पण 2025 च्या जुलैपासून घेणाऱ्या पालकाचा चेहरा जुळवावा लागतो, आणि त्याआधी आधारवर ओटीपी. नोंद माझ्या नावावर, ओटीपी माझ्या आधारला जोडलेल्या नंबरवर.

तो नंबर दादाचा होता. मी बारावीत असताना आधार काढलं तेव्हा घरात तेवढाच एक मोबाइल. ते सिम कधीच बंद झालेलं. तरी मी लावून पाहिला. पलीकडे अनोळखी माणूस, नंबर आता त्यांचा. मी सगळं सांगितलं, लहान बाळ आहे म्हणाले. ते म्हणाले, "ताई, ओटीपी मागणारे सगळे असंच काहीतरी सांगतात," आणि फोन ठेवला. त्यांचं काही चुकलं नाही. मीही दिला नसता.

म्हणून आधार केंद्र. पहिल्या दिवशी ओवीला घेऊन दहाला पोचले तर टोकन संपलेले. सकाळी सातला वाटतात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पावणेसातला गेले, अठरावं टोकन मिळालं, आणि बाराव्याला सर्व्हर बंद पडला. एक वाजेपर्यंत बसवून ठेवलं आणि मग "उद्या या". उद्याचं टोकन मात्र नवीन. मी विचारलं, आजचा नंबर उद्या का चालत नाही, तर उत्तर नाही. बाकावर माझ्यासारख्याच आणखी दोघी, मांडीवर पोरं घेऊन. ओवी भुकेने रडायला लागली. मी डब्यात आणलेला वरणभात तिथेच जिन्यात बसून भरवला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहाराचा हक्क लिहिला आहे. तो हक्क ओवीचा आहे. तिच्या आईच्या सिमकार्डावर तो अडावा, याचा मला आजही राग आहे.

तिसऱ्या खेपेला अंगठे उमटेनात. भांडी-धुणं करून माझ्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. केंद्रातल्या मुलाने पाच-सहा वेळा बोट पुसायला लावलं आणि पुन्हा पाठवायच्या बेतात होता. मागच्या आजी म्हणाल्या, "अरे, डोळे घे की तिचे." डोळ्यांवर लगेच झालं. तुमचंही असं होत असेल तर पहिल्यांदाच सांगा, डोळ्यांनी घ्या म्हणून. 75 रुपये, पावती, आणि नऊ दिवसांनी नंबर जोडला गेल्याचा मेसेज.

हे सगळं संपल्यावर कळलं की पोस्टमनही घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात. आधी कुणी सांगितलं असतं तर तीन सकाळी वाचल्या असत्या. आणि कुठला नंबर जोडलाय हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येतं, शेवटचे तीन अंक दिसतात. हे गरोदरपणातच बघून ठेवा.

चेहऱ्याचंही एक सांगायचं राहिलं. अंगणवाडीच्या खोलीत ट्यूब मिणमिणती, फोटो घेईच ना. ताईंनी मला बाहेर उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून उभं केलं, डोळे मिटून उघडायला सांगितले, आणि झालं.

नंबर जोडला जाईपर्यंतच्या पाच आठवड्यांत पाकीट नव्हतं, पण ताईंनी मला रिकामं बसू दिलं नाही. पहिला प्रश्न, "दूध किती पिते?" मी अभिमानाने सांगितलं, दिवसातून पाच बाटल्या. दुधानेच पोट भरत होतं, मग जेवणाला तोंड वासणार कोण? बाटली बंद केली, दूध जेवणानंतर वाटीने. अंगावरचं चालूच. तांदूळ नि मूगडाळ भाजून भरड काढली, त्याची मऊ खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप, वर लिंबू पिळून. पातळ पाणीदार नाही, चमचा तिरका केला तरी सांडू नये इतकी घट्ट. आईंचा (माझ्या सासूबाईंचा) पातळ पेजेवर भर होता. त्यांना मी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून दाखवलं, पेजेत शितं किती आणि पाणी किती. दुसऱ्या दिवसापासून त्याच घट्ट खिचडी करायला लागल्या. उकडलेलं अंडं कुस्करून. शेंगदाणे नेहमी कूट करून, अख्खा दाणा घशात अडकतो. चहात बुडवलेलं बिस्किट पूर्ण बंद, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. वर्षाची झाल्यावर दिवसातून चार वेळा पाऊण वाटी, मध्ये एकदा केळं. पहिला आठवडा तिने थुंकलंच. मी जबरदस्ती केली नाही, अर्ध्या तासाने पुन्हा दिलं. दहाव्या दिवशी तिने स्वतः वाटी ओढली.

आता पाकीट मिळतं, पण त्यातल्या खिचडीचा वास तिला तसाच्या तसा चालला नाही. तुपात जिरं नि कढीपत्ता घालून मिश्रण थोडं परतून घेतलं की खाते.

शेजारच्या वहिनींना सहावा महिना लागलाय. काल त्यांच्या आधारचे शेवटचे तीन अंक बघितले, त्यांच्या सासऱ्यांच्या नंबरचे निघाले. पोस्टमनकाकांना निरोप दिलाय. गुरुवारी येतो म्हणालेत. नाही आले तर शुक्रवारी पावणेसातला आम्ही दोघी टोकनच्या रांगेत.