सड्यावर रेंज, खाली फ्लाइट मोड: वेळास ते रत्नागिरी

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरताना फोनची बॅटरी जितकी वापराने उतरते, तितकीच रेंज शोधण्यात उतरते. मामेभावाबरोबर वेळासहून रत्नागिरीपर्यंत बाइकने गेलो, तेव्हा हे अगदी पक्कं पटलं. हा रस्ता धरणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच माहीत असावं असं मनापासून वाटतं, कारण इथे होमस्टेच्या फोनपासून फेरीबोटीच्या वेळेपर्यंत सगळं मोबाइलवर असतं.

इथली गावं खाली, नारळी-पोफळीच्या बागांत. रस्ता मात्र घाटी चढून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर येतो आणि पुन्हा खाडीकडे उतरतो. सड्यावर बऱ्याचदा फुल रेंज. उतार लागला की एक दांडी, मग तीही गायब. सिग्नल कमजोर झाला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो, आणि रेंज गेलीच तर पुन्हा पुन्हा शोधत बसतो. स्क्रीन बंद, फोन खिशात, तरी टक्के उतरतातच. दोन सिम असतील तर शोधाशोधही दुप्पट, म्हणून जे सिम इथे चालत नाही ते सेटिंगमधून सरळ बंद करावं.

आम्ही मग रीतच पाडून घेतली. सड्यावर गाडी बाजूला लावायची, घरी फोन, पुढच्या मुक्कामी फोन, मेसेज पाठवून टाकायचे, आणि उतार सुरू व्हायच्या आत फ्लाइट मोड. वेळासला रात्री वायफायवर सगळ्या पट्ट्याचा नकाशा डाउनलोड करून ठेवला होता. केळशीहून आडे, पाडले करत आंजर्ल्याला जाताना फ्लाइट मोडमध्येही नकाशावरचा निळा ठिपका आमच्याबरोबर सरकत होता. जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहांचं फक्त ऐकतो, त्यांना पाठवत काही नाही.

आंजर्ल्याच्या मुक्कामी संध्याकाळी लाइट गेली. होमस्टेच्या काकू निवांत होत्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस अंधारात काढलेली ही माणसं. पण म्हणूनच सांगतो, चार्जिंग रात्रीवर ठेवू नका. दुपारी जेवायला थांबाल तिथेच पॉवर बँक भरून घ्या. तिच्यावर १०,००० एमएएच अशी क्षमता लिहिलेली असते, ती आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टची. ५ व्होल्टवर बाहेर येताना आणि केबलमधून जाताना तिच्यातलं बरंच गळतं. ५,००० च्या फोनला दोन पूर्ण चार्ज मिळत नाहीत, एक आणि वर थोडं इतकंच धरून चाला.

त्याच दिवशी किनाऱ्यावर मामेभावाच्या फोनवर लाटेचं पाणी उडालं होतं. केबल लावताच पोर्टमध्ये ओल असल्याचा इशारा आला.

“अहो, तांदळाच्या डब्यात ठेवा की रात्रभर,” काकू म्हणाल्या.

“नको काकू, तांदळाचा कोंडा पोर्टमध्ये जातो. वाऱ्यावर ठेवतो.”

फोनचं पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटला. खारट पाण्याचे दोन-तीन थेंब बाहेर आले. मग काकूंनीच तो ओटीच्या खिडकीत, वाऱ्याच्या तोंडी उभा करून ठेवला. ओल्या पोर्टला वीज दिली की आतल्या पिना गंजतात, आणि खारं पाणी तर जास्तच वाईट. सकाळी इशारा गेला, तेव्हाच केबल लावली.

हर्णैला ऊन डोक्यावर आलं. हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन, उन्हात दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण, वर बाइकच्या सॉकेटवर चार्जिंग. फोन हाताला चटका देण्याइतका तापला आणि चार्जिंग आपोआप थांबलं. बॅटरीचं खरं नुकसान इथे होतं. आजचे टक्के उद्या भरून निघतात, उष्णतेने गेलेली क्षमता परत येत नाही. होल्डरमधून काढून बॅगेत, सावलीत ठेवला. पुढची वळणं आधी बघून घेत गेलो आणि फाट्यावर माणसांना विचारत गेलो.

मागे उघडी राहिलेली ॲप्स सारखी सारखी सरकवून बंद करण्यात मात्र काही मिळत नाही; ती पुन्हा नव्याने उघडायलाच जास्त बॅटरी लागते. डार्क मोडचा फायदा काळा भाग विझवून ठेवणाऱ्या ओएलईडी स्क्रीनला होतो, साध्या एलसीडीला जवळजवळ नाही.

दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटीने गाडीसकट उतरलो. बोटीवर फोन बाहेर काढायचा तो फोटोपुरता, कोरड्या हाताने. सुट्टे पैसे वरच्या खिशात ठेवले की तिकिटासाठी रेंज शोधत बसावं लागत नाही. रत्नागिरीत शिरलो तेव्हा सकाळच्या चार्जिंगमधले निम्म्याहून जास्त टक्के शिल्लक होते.

मुंबईकडून रेल्वेने येणार असाल तर हाच हिशेब बोगद्यांना लावा. कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, त्यातला रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. चिपळूण सुटलं की फ्लाइट मोड, आणि घरच्यांना रत्नागिरी स्टेशनवरून फोन.