उजवा कप : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपला १७ वर्षं झाली. त्यातली १४ सरळ गेली, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. जुन्या रोड सायकली आल्या, सुट्या झाल्या, रॉकेलमध्ये भिजल्या, छर्रे बदलले, चाकांचा आऊट काढला, गेल्या. गोष्ट आहे ती उरलेल्या तीन वर्षांची.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. भागीदाराचं नाव मी घेत नाही, इथेही घेणार नाही. हात त्याचा चांगला होता, हे मान्य करतो. दोघांत मिळून एक व्हाइस, एक व्हर्नियर आणि तीन क्रँक पुलर, म्हणजे पेडलचे दांडे ओढून काढायची हत्यारं, दांड्याच्या कंपनीप्रमाणे वेगळी : कंपान्योलोसाठी २२ मिलिमीटरचा, टीएसाठी २३ चा आणि स्ट्राँगलाइटसाठी २३.३५ चा. तिसऱ्यावर खर्च कशाला म्हणून तो कुरकुरला होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे. २३ चा पुलर स्ट्राँगलाइटमध्ये बसल्यासारखा वाटतो, आणि ताण दिला की आटे सोबत घेऊनच बाहेर येतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. सायकल रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, ॲल्युमिनियमची, कित्येक वर्षं न हललेली. पोलादात ॲल्युमिनियम, त्यात घाम आणि पावसाचं पाणी. मधे पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही धातू एकजीव झाल्यासारखे होतात. आम्ही फ्रेम उलटी टांगली आणि बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या आसाच्या, बाजूने रोज थोडं तेल सोडत राहिलो. अकराव्या दिवशी सीटपोस्टला बर्फ बांधला, कारण गारव्याने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून फ्रेमच फिरवली. आधी किंचाळल्यासारखा आवाज, मग केसभर हालचाल, मग बोटभर. पुसल्यावर खाली २७.२ मिलिमीटरचा शिक्का लख्ख दिसला. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळवण्याची घाई करणारे असतात. त्यातून हायड्रोजन निघतो, डोळ्यांत उडालं तर डोळा जातो, आणि हाती पोस्टही उरत नाही. मास्तर अकराही दिवस स्टुलावर बसून होते. नंतर म्हणाले, “रंगाला हात लावू नका. ओरखडे माझे आहेत.”

तिथेच आमचं दोघांचं बिनसलं. भागीदाराला सगळं चकचकीत हवं असायचं. सँडब्लास्टिंग करा, पावडर कोटिंग करा, नवे स्टिकर लावा. अहो, लगच्या, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरच्या बाह्यांच्या, कडा कुणीतरी कानशीने तासून कागदासारख्या पातळ केलेल्या असतात. त्यावर पावडरचा जाड थर बसला की त्या साबणाच्या वडीसारख्या दिसतात. गिऱ्हाइकांना मात्र तेच आवडायचं.

मग ती इटालियन फ्रेम आली. मूळ रंग, मागचे गिअर बदलणाऱ्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर ‘पेटंट-७४’, म्हणजे ७४ सालचा. उजवा कप, म्हणजे पेडलच्या आसाचे छर्रे धरणारी आट्यांची वाटी, काढायचा होता. कपावरचा शिक्का गंजाखाली. त्याच आठवड्यात आम्ही दोन इंग्लिश फ्रेमी केल्या होत्या, इंग्लिश उजवा कप उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने सुटणारा, हाताला त्याचीच सवय लागलेली. पान्याला लांब पाइप लावला आणि घड्याळाच्या दिशेने जोर दिला. इटालियन कप त्या दिशेने आवळतो. कपाची कड आधीच शेलला, म्हणजे फ्रेममधल्या ज्या नळीत तो बसतो तिला, टेकलेली, त्याला जायला जागाच नव्हती. कर्र आवाज झाला. शेलमधले आटे सोलले गेले.

इंग्लिश शेल असता तर वाचलो असतो. १.३७० इंचाचे आटे खराब झाले तर शेल मोठा करून इटालियन ३६ मिलिमीटरचे पाडता येतात. इटालियन खराब झाले की पुढचं माप नाही. नवा शेल ब्रेझ करायचा, म्हणजे तापवून जोडायचा, तर रंग जळतो. आट्यांशिवाय दोन्ही बाजूंनी आवळून बसणारं बॉटम ब्रॅकेट स्वखर्चाने बसवून देतो म्हटलं, पण मालक फ्रेम उचलून गेला.

पाइप भागीदाराच्या हातात होता. पावतीवर सही माझी होती. दोन महिन्यांत त्याने वेगळं दुकान थाटलं आणि येईल त्याला सांगत सुटला की इटालियन फ्रेम त्यांच्याकडे देऊ नका, त्यांना डावं-उजवं कळत नाही. हातातली निम्मी कामं परत गेली. दोन वर्षं आम्ही पंक्चरं काढली, गिअर लावून दिले, मुलांच्या सायकलींची आधाराची चाकं बसवली. व्हाइस विकायला काढला होता, घेणारा आला नाही म्हणून राहिला. मास्तर तेवढे येत राहिले. पाव इंची छर्रे बशीत घेऊन भिंगाखाली निवडायचे, खड्डा पडलेला एकही सुटायचा नाही.

घरी काम करणाऱ्यांनी एवढं करावं. कपाला पाना लावण्याआधी शेलची रुंदी मोजा. ६८ मिलिमीटर भरली तर बहुधा इंग्लिश, ७० भरली तर इटालियन, म्हणजे दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. ६८ भरूनही फ्रेंच किंवा स्विस निघू शकते, म्हणून आधी तारेच्या ब्रशने गंज काढून शिक्का वाचा. आणि इटालियन उजवा कप परत बसवताना जीव खाऊन आवळा, तो चालता चालता सैल होतो.

त्याचं दुकान अजून आहे. त्याच्याकडून आलेल्या फ्रेमी आमच्याकडे येतात, आट्यांत पावडर अडकलेली असते, आटे पाडायचा टॅप फिरवून आम्ही ती काढतो. काही बोलत नाही.

आता इतकं लिहिलंच आहे तर तेही लिहितो. “इंग्लिशच आहे, फिरव,” असं त्या दिवशी म्हणालो होतो तो मी. मास्तर तेव्हा स्टुलावर बसलेले होते. त्यांनी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.