नवतप्यातली नोंद

भावाच्या अपस्माराच्या फिट्ससाठी छातीत बसवलेल्या यंत्रातला करंट आज पाव मिलीअँपिअरने वाढवला. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी छातीवरच्या उंचवट्यावर एक छोटे उपकरण धरून आकडा बदलला, तसा त्याला लगेच ठसका लागला. घोटभर पाणी पिऊन ‘चालेल’ म्हणाला.

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फिट्स काही महिने थांबल्या होत्या आणि मग परत सुरू झाल्या. मेंदूचा आणखी भाग काढल्यास स्मरणशक्तीला आणि बोलण्याला धोका आहे, असे तपासण्यांतून कळल्यावर व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशनचा, म्हणजे व्हेगस नावाच्या नसेला विजेने चेतवण्याचा विषय निघाला. यात कवटी उघडावी लागत नाही. डाव्या हासळीखाली यंत्र बसवून त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगस नसेभोवती गुंडाळतात आणि साधारण दर पाच मिनिटांनी तीस सेकंद विजेचे सौम्य स्पंद देतात. हीच नस स्वरयंत्रालाही शाखा देते, त्यामुळे आईला वर्तमानपत्र वाचून दाखवताना त्याचा आवाज मध्येच घोगरा होतो आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा मोकळा होतो. आई आता दचकत नाही.

माणसात असे यंत्र प्रथम 1988 मध्ये बसवले गेले आणि अमेरिकेत अपस्मारासाठी त्याला 1997 मध्ये मान्यता मिळाली. सुमारे निम्म्या रुग्णांच्या फिट्स निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होतात, तेही वर्ष-दोन वर्षांत हळूहळू. पूर्ण थांबतात त्या थोड्यांच्याच, आणि गोळ्या चालूच राहतात. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितले, याचा मला आजही आधार वाटतो.

‘फिट्स बंद झाल्या का?’ असे आत्या प्रत्येक फोनवर मायेने विचारते. पण या उपचाराचे मोल त्या एका प्रश्नात मावत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी वहीत फिट किती वेळ टिकली आणि त्यानंतर किती वेळाने त्याने आम्हाला ओळखले, हेही लिहिते. परवा फिट सुरू होताच मनगटी पट्ट्यातले चुंबक मी त्याच्या छातीवरून फिरवले; त्याने यंत्र लगेच जादा स्पंद देते. फिट आलीच, पण पूर्वी तासभर गुंगीत असणाऱ्या माझ्या भावाने थोड्याच वेळात ‘ताई, पाणी दे’ म्हटले.

झोप अपुरी झाली की त्याला फिट येण्याची भीती अधिक, आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या रात्री तर भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. कूलरच्या ताट्या उद्याच बदलून घ्यायच्या आहेत.